मेडिकल स्कूलच्या अर्जात शिफारसपत्राचं वजन किती, आणि ते कुणाकडून घ्यावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी अमेरिकेतल्या एका मोठ्या सरकारी विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला आहे, जीपीए (चारपैकी सरासरी ग्रेड) ३.८ च्या आसपास, एमकॅट (मेडिकल स्कूलची प्रवेश परीक्षा) एप्रिलमध्ये, आणि येत्या उन्हाळ्यात एमडीसाठी (तिथली डॉक्टर होण्याची पहिली पदवी) अर्ज करायचा आहे. विज्ञानाचे वर्ग तीनतीनशे मुलांचे, त्यामुळे एकही प्राध्यापक तिला नावानं ओळखत नाही. एका लॅबमध्ये मात्र ती वर्षभर काम करते आहे. दुसरीकडे घरोब्याचे एक नामांकित कार्डिऑलॉजिस्ट "मी लिहून देतो" म्हणाले आहेत. तर पत्रांना खरंच किती महत्त्व असतं, आणि मोठ्या डॉक्टरांचं पत्र प्राध्यापकांच्या पत्राची उणीव भरून काढेल का?

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देते: नाही भरून काढणार. तुमची खरी अडचण मोठं नाव कुठून आणायचं ही नाही. तिचं काम जवळून पाहिलेली माणसं तिच्याभोवती सध्या कमी आहेत, ही आहे. जानेवारी ते मे एवढ्या काळात ती बऱ्याच अंशी सुटू शकते, म्हणून उत्तर सविस्तर लिहिते आहे.

आधी वजनाचं. प्रवेश समिती अर्ज टप्प्याटप्प्यानं वाचते. पहिल्या चाळणीत जीपीए आणि एमकॅट यांचाच जोर असतो. एमकॅट ४७२ ते ५२८ या पट्टीवर मोजतात. तिथे गुण फारच खाली असतील तर कितीही सुंदर पत्र अर्जाला वर उचलत नाही. पण चाळणीतून पुढे आलेल्यांचे आकडे एकमेकांसारखेच असतात. मग वाचणाऱ्यासमोर काय उरतं? ५,३०० अक्षरांचा वैयक्तिक निबंध, जास्तीत जास्त १५ अनुभवांची नोंद, आणि प्रत्येक स्कूलच्या सेकंडरी अर्जातली (प्राथमिक अर्जानंतर स्कूल स्वतः मागवते तो) उत्तरं. हे सगळं उमेदवारानं स्वतःबद्दल स्वतः सांगितलेलं असतं. मुलाखतीआधी दुसऱ्या कुणाचा आवाज येतो तो फक्त पत्रांतून. ती निबंधात लिहिते की मी चिकाटीची आहे. पत्रातून कळतं की ती चिकाटी कुणी पाहिली का, कधी आणि कशात.

म्हणून पत्रांचा परिणाम एकसारखा नसतो. बहुतेक पत्रं बरी असतात आणि बरी पत्रं अर्ज जागच्या जागी ठेवतात: फायदा नाही, नुकसान नाही. खरोखर भक्कम पत्र मुलाखतीच्या बोलावण्याच्या वेळी आणि अंतिम चर्चेत उपयोगी पडतं, कारण समितीतला एखादा सदस्य त्यातलं वाक्य धरून तुमच्या बाजूनं बोलू शकतो. आणि एखादं थंड किंवा आडून तक्रार करणारं पत्र चांगला अर्ज बुडवू शकतं. बेजबाबदारपणा, चूक झाली की दुसऱ्यावर ढकलणं, वेळ न पाळणं यांचा नुसता उल्लेखही डॉक्टर घडवणाऱ्या संस्थेला पुरतो. पत्रांचा विचार करताना हे असमान गणित डोक्यात ठेवायचं. पाच बरी पत्रं मिळवण्यापेक्षा तीन भक्कम मिळवणं आणि चौथं कोमट पत्र टाळणं जास्त मोलाचं आहे.

अर्थात यात स्कूलप्रमाणे फरक पडतो. काही ठिकाणी पत्रं पहिल्या वाचनातच बघतात, काही ठिकाणी मुलाखतीला बोलवायच्या आधी, तर काही ठिकाणी मुलाखत झाल्यावर ती पुन्हा बारकाईनं वाचतात. संशोधनावर भर देणाऱ्या स्कूलला लॅबच्या पत्रात जास्त रस, तर ग्रामीण भागासाठी डॉक्टर घडवणाऱ्या स्कूलला समाजातलं काम पाहिलेल्या माणसाच्या पत्रात. एमडी-पीएचडीला (डॉक्टरकी आणि संशोधन यांची जोडपदवी) अर्ज करणाऱ्याला आपण जिथे जिथे गांभीर्यानं संशोधन केलं तिथल्या प्रत्येक मार्गदर्शकाचं पत्र लागतं असं धरून चाला. एखादं नसेल तर 'तिथे काय बिनसलं' हा प्रश्न उभा राहतोच.

आता भक्कम पत्र म्हणजे काय ते पाहू. "तिला माझ्या वर्गात ए मिळाला, ती नियमित यायची, अत्यंत हुशार आणि मेहनती आहे" या वाक्यातला ए ट्रान्सक्रिप्टवर (विद्यापीठाच्या गुणपत्रकावर) आधीच आहे, आणि उरलेलं कुणाबद्दलही लिहिता येतं. आता हे बघा: "दुसऱ्या परीक्षेत तिला ६८ गुण मिळाले. त्याच आठवड्यात ती पेपर घेऊन आली, प्रत्येक चुकीचं कारण तिनं स्वतः लिहून आणलं होतं. शेवटच्या परीक्षेत ती वर्गात पहिल्या दहांत होती, आणि मधल्या काळात तिच्या अभ्यासगटातली आणखी दोन मुलं माझ्याकडे यायला लागली होती." यात कौतुकाचं एकही विशेषण नाही, तरी वाचणाऱ्याला माणूस दिसतो. त्याला तुलनेची जोड मिळाली, म्हणजे "पंधरा वर्षांत शिकवलेल्या विद्यार्थ्यांपैकी ती वरच्या पाच टक्क्यांत बसते", तर पत्र पूर्ण झालं. एएएमसी ही मेडिकल स्कूलची राष्ट्रीय संघटना पत्र लिहिणाऱ्यांसाठी मार्गदर्शक सूचना देते, त्यांचाही रोख हाच आहे: उमेदवाराला किती काळ, कशा नात्यानं ओळखता ते सांगा, प्रत्यक्ष पाहिलेलं वर्तन लिहा, तुलना केलीत तर कुणाशी ते स्पष्ट करा. प्रवेशार्थींकडून अपेक्षित असलेल्या १७ क्षमतांची यादीही या संघटनेनं प्रसिद्ध केली आहे. संघभावना, विश्वासार्हता, स्वतःत सुधारणा करण्याची तयारी अशा गोष्टी त्यात आहेत. पत्रातला प्रसंग यांपैकी दोनतीन गोष्टींना जाऊन भिडला की समितीचं काम सोपं होतं.

मुलगी आहे म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या एका मोठ्या मेडिकल स्कूलमधल्या प्राध्यापकपदांसाठी आलेली तीनशेहून अधिक शिफारसपत्रं तपासली होती. स्त्रियांसाठी लिहिलेली पत्रं सरासरीनं आखूड होती आणि त्यांत शंका पेरणारी वाक्यं जास्त होती. तो अभ्यास विद्यार्थ्यांच्या पत्रांचा नव्हता, पण कल ओळखीचा आहे: मुलाबद्दल लिहिताना 'त्यानं हे शोधून काढलं' आणि मुलीबद्दल लिहिताना 'ती गोड, कष्टाळू आणि सगळ्यांना मदत करणारी'. लिहिणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. उपाय असा की तिनं पत्रासाठी जी माहिती द्यायची, तिच्यात केलेलं काम आणि त्याचा निकाल ठळक असावा.

कुणाकडून घ्यायचं याची सर्वसाधारण अपेक्षा अशी असते: दोन विज्ञानाचे प्राध्यापक, एक विज्ञानेतर विषयाचा, आणि त्यावर लॅबचे प्रमुख किंवा जिथे रुग्णांमध्ये वावर झाला तिथले डॉक्टर अथवा पर्यवेक्षक. विज्ञान म्हणजे इथे बहुतेक ठिकाणी जीवशास्त्र, रसायन, भौतिक आणि गणित. मानसशास्त्र किंवा पब्लिक हेल्थच्या प्राध्यापकांना काही स्कूल विज्ञानात धरत नाहीत, म्हणून प्रत्येक स्कूलच्या अटी वाचायच्या. कुठे तीन पत्रं पुरतात, कुठे जास्त चालतात, कुठे वरची मर्यादा असते. ऑस्टिओपॅथिक म्हणजे डीओ स्कूललाही (तिथली डॉक्टर होण्याची दुसरी पदवी) अर्ज करणार असाल तर एखाद्या डीओ डॉक्टरांचं पत्र काही ठिकाणी सक्तीचं आणि अनेक ठिकाणी इष्ट असतं. टेक्सासची सरकारी स्कूल बहुतांशी टीएमडीएसएएस या वेगळ्या व्यवस्थेतून प्रवेश देतात आणि तिथले पत्रांचे नियमही वेगळे आहेत.

या सगळ्याआधी एक चौकशी आजच करा: तिच्या विद्यापीठात प्री-हेल्थ समिती आहे का? काही कॉलेजांत ही समिती विद्यार्थ्याची मुलाखत घेते, प्राध्यापकांची पत्रं गोळा करते आणि स्वतःचं एकत्रित मूल्यमापन लिहून पाठवते. अशी सोय असूनही ती वापरली नाही तर अनेक स्कूल कारण विचारतात. समितीचे अर्ज बऱ्याचदा हिवाळ्यातच भरावे लागतात, त्यामुळे फेब्रुवारीत जाग आली तर मुदत गेलेली असू शकते. काही कॉलेजं मूल्यमापन न लिहिता सगळी पत्रं फक्त एका पाकिटात बांधून पाठवतात. मोठ्या सरकारी विद्यापीठांपैकी कित्येकांत यातलं काहीच नसतं. मग प्रत्येक पत्र सुटंसुटं जातं, आणि त्याबद्दल कुणी उमेदवाराला दोष देत नाही.

तीनशेच्या वर्गाचं काय करायचं? तिच्या हातात अजून एक अख्खं सत्र आहे. या सत्रात तिच्या विषयांपैकी जो विज्ञानाचा वर्ग सर्वांत छोटा आहे किंवा ज्यात प्रयोगशाळा आहे, तो धरायचा. पहिल्या दोन आठवड्यांत ऑफिस अवर्सना (प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना भेटण्यासाठी ठरवलेली वेळ) जायला लागायचं आणि दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला जायचं. नुसतं तोंड दाखवायला गेलेली मुलं प्राध्यापकांना लगेच कळतात, म्हणून जाताना खरा प्रश्न हवा: सोडवताना कुठे अडलं, वर्गात सांगितलेला निष्कर्ष एखाद्या शोधनिबंधात वेगळा का दिसतो, परीक्षेतला अमुक तर्क का चुकला. सत्रभर असं झालं की प्राध्यापकांकडे लिहायला चारपाच गोष्टी जमतात. दुसरा मार्ग आधीच्या सत्रातल्या प्राध्यापकांचा. ज्यांच्या वर्गात चांगला ए आला, त्यांच्याकडे पुढच्या सत्रात टीए (शिकवण्यात प्राध्यापकांना मदत करणारा), ग्रेडर (पेपर तपासणारा) किंवा शिकवणी साहाय्यक म्हणून काम मिळतं का ते विचारायचं. तिथे प्राध्यापक तिला रोज काम करताना पाहतात, आणि पत्राचा नूरच पालटतो.

तिसरा मार्ग मोठ्या विद्यापीठांत सर्रास वापरतात. प्रयोगशाळेच्या तासाला तिला आठवड्याला तीन तास पाहणारा पदवीधर टीए असतो. एकट्या टीएच्या सहीचं पत्र अनेक स्कूल प्राध्यापकांचं पत्र म्हणून मोजत नाहीत. पण टीएनं मजकूर लिहिला, प्राध्यापकांनी त्यात आपली भर घातली आणि दोघांनी सही केली, तर ते मान्य होतं आणि बऱ्याचदा प्राध्यापकांच्या एकट्याच्या कोरड्या पत्रापेक्षा उजवं ठरतं. टीएंना हे आधी विचारावं, मग प्राध्यापकांना.

लॅबच्या पत्रातही हीच गफलत होते. प्रमुखांची सही लागते, पण तिला रोज शिकवणारा असतो पोस्टडॉक (पीएचडीनंतर लॅबमध्ये संशोधन करणारा). प्रमुख तिला महिन्यातून एकदा बैठकीत पाहतात आणि मग पत्र प्रकल्पाचं वर्णन करत बसतं. तिच्याबद्दल शेवटी दोन ओळी. म्हणून प्रमुखांना विनंती करतानाच पोस्टडॉककडून माहिती घेण्याची सूचना करावी. त्यात काही गैर नाही, उलट त्यांची सोय होते.

विनंती कशी करायची याला मी फार महत्त्व देते. "सर, शिफारसपत्र द्याल का?" या प्रश्नाला बहुतेक लोक भिडेखातर हो म्हणतात आणि कोमट पत्राचा जन्म तिथेच होतो. प्रश्न असा हवा: "मेडिकल स्कूलसाठी माझ्याबद्दल भक्कम पत्र लिहिण्याइतकं माझं काम तुम्ही पाहिलं आहे असं तुम्हाला वाटतं का?" यात नाही म्हणायला सन्मानाची वाट आहे. उत्तर देताना ते घुटमळले, "माझ्याकडे फारशी माहिती नाही" म्हणाले, किंवा "मी सगळ्यांना एक ठरलेलं पत्र देतो" म्हणाले, तर आभार मानून दुसरीकडे जायचं. शक्यतो समोरासमोर विचारावं, आणि हवं असलेल्या तारखेच्या किमान सहा ते आठ आठवडे आधी. तुमच्या वेळापत्रकात याचा अर्थ मार्चअखेर ते एप्रिलची सुरुवात.

होकार मिळाला की दोन दिवसांत एका ईमेलमध्ये सगळं पाठवायचं: एक पानी रेझ्युमे, अनधिकृत ट्रान्सक्रिप्ट, वैयक्तिक निबंधाचा मसुदा, त्यांनी तपासलेला एखादा चांगला पेपर किंवा अहवाल, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे एका पानात तीनचार आठवणी. अमुक प्रयोग तीनदा फसला तेव्हा मी काय बदललं, त्यानंतर निकाल काय आला. अमुक चर्चेत तुम्ही काय म्हणालात, त्यावरून मी पुढे काय वाचलं. तारीख स्पष्ट लिहायची. दोन आठवडे आधी एक नम्र आठवण, मग शेवटच्या आठवड्यात एक. तारीख उलटून दोन आठवडे गेले तर प्रत्यक्ष भेटायचं. आणि पहिल्या दिवसापासून एक जादा माणूस मनाशी धरून ठेवायचा, कारण प्राध्यापक रजेवर जातात, आजारी पडतात, कामात बुडतात.

कुणी म्हणालं, "तूच लिहून आण, मी सही करतो," तर तिनं तसं करू नये. असं सांगणारे वाईट नसतात, त्यांना वेळ नसतो एवढंच. पण समितीसाठी ते पत्र दुसऱ्याचं मत असतं, आणि वाचणाऱ्याला एकाच हातची भाषा दोन पत्रांत आणि निबंधात ओळखू येते. वर सांगितलेलं आठवणींचं पान पुढे करावं आणि "यावरून तुम्हाला पटेल तेवढंच घ्या" म्हणावं. तरीही आग्रह राहिला, तर दुसरी व्यक्ती शोधणं शहाणपणाचं.

पत्र वाचण्याच्या हक्काबद्दल पालक हमखास विचारतात. १९७४ च्या फर्पा कायद्यानं विद्यार्थ्याला आपली शैक्षणिक कागदपत्रं पाहण्याचा हक्क आहे, आणि पत्रांच्या बाबतीत तो हक्क सोडल्याची संमती देता येते. ती द्यावी. संमती न दिलेलं पत्र समिती कमी विश्वासानं वाचते, आणि काही प्राध्यापक अशा स्थितीत लिहायलाच तयार होत नाहीत. आत काय आहे याची धाकधूक वाटत असेल, तर त्यावरचा उपाय माणूस नीट निवडणं हाच.

यंत्रणेबद्दल थोडं, कारण चांगली पत्रं इथे अडकतात. एमडीचे बहुतेक अर्ज एएमसीएएस या एका खिडकीतून जातात. तो अर्ज मेच्या सुरुवातीला उघडतो, मेअखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला सादर करता येतो, आणि स्कूलकडे पहिली रवानगी जूनअखेर होते. त्यात पत्रांच्या दहा नोंदी करता येतात. समितीचं पत्र किंवा पाकीट ही एकच नोंद. प्रत्येक नोंदीला वेगळा लेटर आयडी मिळतो. तो, एएमसीएएस आयडी आणि विनंतीचा फॉर्म लिहिणाऱ्याकडे जायला हवा. आयडी चुकला की पत्र कुणाच्याच खात्यात बसत नाही. मेच्या आधी पत्र तयार झालं तर इंटरफोलिओसारख्या सेवेत ठेवता येतं आणि नंतर तिथून पाठवता येतं. कोणतं पत्र कोणत्या स्कूलला जाणार ते अर्जात एकेका पत्रासाठी नेमून द्यावं लागतं, आणि हे नेमणं राहून गेलं की पत्र एएमसीएएसमध्येच पडून राहतं.

अर्ज सादर करायला पत्रांची वाट पाहायची नाही. पडताळणी पत्रांशिवाय होते आणि जूनमध्ये तिथे गर्दी वाढत जाते. मात्र बहुतेक स्कूल प्राथमिक अर्ज, सेकंडरी आणि पत्रं सगळं आल्याशिवाय फाइल पूर्ण धरत नाहीत, आणि अर्ज येतील तशा जागा भरत जातात. म्हणून प्राध्यापकांना १ जूनची तारीख द्यावी. मग उशीर झाला तरी जुलैच्या मध्यापर्यंत पत्र पोचतं. पत्र लेटरहेडवर, सही आणि चालू वर्षाची तारीख असलेलं हवं. एकच पत्र सगळीकडे जातं, त्यामुळे त्यात एखाद्या विशिष्ट स्कूलचं नाव येऊ देऊ नये, हे विनंतीच्या ईमेलमध्येच लिहावं. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करावा लागला तर जुनी पत्रं आपोआप पुढे जात नाहीत, ती पुन्हा पाठवावी लागतात.

राहता राहिले तुमचे कार्डिऑलॉजिस्ट. तिनं त्यांच्यासोबत बारापंधरा तास शॅडोइंग (डॉक्टरांसोबत राहून त्यांचं काम पाहणं) केलं असेल तर त्यांना तिच्याबद्दल फक्त एवढंच खरं लिहिता येईल की ती वेळेवर आली, शांत उभी राहिली आणि चांगले प्रश्न विचारले. बाकीचं पत्र त्यांच्या स्वतःच्या कामाबद्दल आणि 'मी या कुटुंबाला वीस वर्षं ओळखतो' याबद्दल होतं. ते शेवटचं वाक्य वाचताक्षणी समिती पत्र बाजूला ठेवते. त्यांना भेटून मनापासून आभार माना आणि पत्राऐवजी त्यांच्या क्लिनिकमध्ये तिला उन्हाळ्यात नियमित काम मिळेल का ते विचारा: रुग्णांची नोंद, मेडिकल असिस्टंटला मदत, स्क्राइबचं काम (डॉक्टर तपासत असताना नोंदी लिहिणं), जे नियमात बसेल ते. तीन महिने आठवड्याला दोन दिवस तिनं तिथे काम केलं तर तिला रोज पाहणाऱ्या नर्स मॅनेजरचं किंवा नात्यात, घरोब्यात नसलेल्या दुसऱ्या डॉक्टरांचं पत्र एएमसीएएसमध्ये नंतरही जोडता येतं. आणि प्राध्यापकांना ईमेल, आठवण, फोन हे सगळं तिनंच करायचं, तुम्ही नाही. पालकांचा एक ईमेल गेला की तो प्राध्यापकांच्या लक्षात राहतो, आणि पत्र लिहायला बसल्यावर आठवतोही.